एस्मेराल्दा म्हणजे नेमकी कोणती? चिलीच्या सहा जहाजांचं एकच नाव

चिलीच्या नौदलाबद्दल पहिल्यांदा वाचणाऱ्याचं डोकं हमखास चक्रावतं. एस्मेराल्दा नावाची युद्धनौका २१ मे १८७९ रोजी इकिके बंदरासमोर समुद्राच्या तळाशी जाते. सहाच वर्षांनी, १८८५ मध्ये, ती पनामाच्या किनाऱ्यावर उभी दिसते. १८९४ मध्ये ती विकली जाते आणि जपानच्या नौदलात दाखल होते. १९०७ मध्ये पुन्हा इकिकेच्या बंदरात हजर! आणि आजची विचाराल, तर चार डोलकाठ्यांची पांढरीशुभ्र एस्मेराल्दा शिडं उभारून देशोदेशी फिरते आहे.

ही सगळी वेगवेगळी जहाजं आहेत. चिलीच्या हिशेबात सध्याची एस्मेराल्दा सहावी. म्हणून इतिहासकार नावापुढे कंसात साल लिहितात, बहुतेक वेळा जहाज पाण्यात सोडल्याचं, म्हणजे जलावतरणाचं: एस्मेराल्दा (१८५५), एस्मेराल्दा (१८८३), एस्मेराल्दा (१८९६). ते साल पाहिल्याशिवाय पुढचं वाक्य वाचूच नये.

नाव पुन्हा वापरण्याचा रिवाज काही चिलीचा एकट्याचा नाही. जहाज तीस-चाळीस वर्षांत थकतं, पण नौदलाला आपल्या आठवणी त्याहून लांब टिकवायच्या असतात. त्यामुळे जहाज भंगारात गेलं किंवा बुडालं, की नाव राखून ठेवतात आणि पुढच्या जहाजाला देतात. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने बुडवलेली आपली ‘खुकरी’ आठवा. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. तेच नाव पुढे मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आणि १९८९ मध्ये सेवेत आलेल्या नौकेला दिलं गेलं. ‘कलवरी’ही तशीच: आधी १९६७ ची सोव्हिएत बनावटीची पाणबुडी, मग २०१७ मध्ये माझगाव डॉकमधूनच निघालेली दुसरी.

खुकरीचं उदाहरण सरळ आहे. आपलं जहाज गेलं, आपण त्याचं नाव पुढे चालवलं. एस्मेराल्दाची गोष्ट तितकी सरळ नाही, कारण हे नाव मुळात चिलीचं नव्हतंच. ते शत्रूकडून हिसकावलेलं आहे.

काय्याओ बंदरातली रात्र

१८२० साल. चिली स्वतंत्र झालेला, पण शेजारचा पेरू अजून स्पेनच्या ताब्यात. स्पेनची पॅसिफिक महासागरातली ताकद लिमाशेजारच्या काय्याओ बंदरात, किल्ल्याच्या तोफांच्या आड उभी होती. त्यातली सगळ्यांत मोठी म्हणजे १७९१ मध्ये मिनोर्का बेटावर बांधलेली फ्रिगेट एस्मेराल्दा. फ्रिगेट म्हणजे त्या काळची तीन डोलकाठ्यांची, वेगवान आणि बऱ्याच तोफांची युद्धनौका.

चिलीच्या आरमाराचा प्रमुख होता थॉमस कॉक्रन नावाचा स्कॉटिश दर्यावर्दी. पराक्रमी, तिरसट आणि पैशांच्या बाबतीत कायम कोणाशी तरी भांडणारा. १८१४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारातल्या घोटाळ्यात त्याला शिक्षा झाली आणि ब्रिटिश नौदलाने त्याला काढून टाकलं. असा माणूस नव्या देशाला नोकरीवर मिळाला, हे चिलीचं नशीबच म्हणायचं.

५ नोव्हेंबरच्या रात्री कॉक्रनने सुमारे २४० माणसं छोट्या होड्यांत बसवली. वल्ह्यांचा आवाज होऊ नये म्हणून ती कापडाने गुंडाळली. अंधारात आपला माणूस ओळखू यावा म्हणून सगळ्यांना पांढरे कपडे आणि दंडाला निळी पट्टी. होड्या एस्मेराल्दाला दोन्ही बाजूंनी भिडल्या, माणसं दोरांवरून वर चढली आणि डेकवर हातघाईची लढाई झाली. कॉक्रन स्वतः जखमी झाला, तरी जहाज हाती आलं.

या प्रसंगातला मला सगळ्यांत आवडलेला तपशील दिव्यांचा आहे. बंदरात एक ब्रिटिश आणि एक अमेरिकी युद्धनौका तटस्थ म्हणून उभी होती. गोळीबार सुरू झाला, तर किल्ल्यावरच्या तोफांनी आपल्याला चुकून टिपू नये म्हणून रात्री विशिष्ट दिवे वर चढवायचे, असं त्यांचं स्पॅनिश अधिकाऱ्यांशी ठरलेलं होतं. कॉक्रनला याचा अंदाज होता. त्या जहाजांनी दिवे लावताच त्यानेही पकडलेल्या एस्मेराल्दावर तसेच दिवे चढवले. किल्ल्यावरच्यांना कळेना मारायचं कोणाला, आणि त्या गोंधळात तो जहाज घेऊन बंदराबाहेर पडला.

गंमत अशी, की पकडल्यावर चिलीने या जहाजाचं नाव बदलून ‘वाल्दिविया’ केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत कॉक्रनने जिंकलेल्या ठाण्याचं ते नाव. म्हणजे जिला पहिली एस्मेराल्दा म्हणतात, ती चिलीच्या सेवेत त्या नावाने जवळपास वावरलीच नाही. पण लोकांच्या तोंडी राहिलं ते एस्मेराल्दा. वाल्दिवियाची मोहीम ठिकाणाच्या नावाने ओळखली जाई, आणि काय्याओची रात्र जहाजाच्या.

लाकूड आणि लोखंड

दुसरी एस्मेराल्दा इंग्लंडमध्ये थेम्स नदीकाठी नॉर्थफ्लीटला बांधली गेली आणि १८५५ मध्ये पाण्यात उतरली. ही कॉर्व्हेट, म्हणजे फ्रिगेटपेक्षा लहान. लाकडी बांधणीची, शिडंही आणि वाफेचं इंजिनही. त्या काळात कोळसा महाग आणि इंजिन बेभरवशाचं, म्हणून दोन्हींची सोय ठेवत.

तिने पहिलं नाव कमावलं ते स्पेनविरुद्धच. १८६५ मध्ये स्पेनने पुन्हा या किनाऱ्यावर आरमार पाठवलं. २६ नोव्हेंबरला पापुदोजवळ एस्मेराल्दाने ब्रिटिश झेंडा दाखवत स्पेनच्या कोवादोंगा या छोट्या नौकेच्या जवळ जाऊन तिला पकडलं. ऐन वेळी खरा झेंडा चढवला, तर अशी फसवणूक तेव्हाच्या युद्धनियमांत बसत होती. ही बातमी कळल्यावर स्पॅनिश आरमाराचा प्रमुख पारेखा याने आत्महत्या केली. एस्मेराल्दावर त्या दिवशी आर्तुरो प्रात नावाचा सतरा वर्षांचा अधिकारीही होता.

चौदा वर्षांनी हाच प्रात तिचा कप्तान झाला, आणि तोवर जहाज पार खिळखिळं झालं होतं.

१८७९ चं युद्ध सोऱ्यासाठी झालं. अटाकामाच्या वाळवंटात सापडणारा सोडियम नायट्रेट खतासाठी आणि स्फोटकांसाठी जगभर विकला जायचा. बोलिव्हियाच्या ताब्यातल्या पट्ट्यात चिलीची कंपनी तो काढत होती. बोलिव्हियाने कर वाढवला, चिलीने फेब्रुवारीत आंतोफागास्ता बंदर ताब्यात घेतलं आणि बोलिव्हियाशी गुप्त करार असलेला पेरूही युद्धात ओढला गेला. रस्ते नसलेल्या वाळवंटात सैन्य न्यायचं तर समुद्रातूनच. त्यामुळे ज्याचं आरमार वरचढ, त्याचं युद्ध.

चिलीच्या आरमारप्रमुखाने आपली चांगली जहाजं घेऊन काय्याओवर चाल केली आणि पेरूच्या इकिके बंदराच्या नाकेबंदीवर सगळ्यांत जुनी दोन मागे ठेवली: एस्मेराल्दा आणि चौदा वर्षांपूर्वी तिनेच पकडलेली कोवादोंगा. पण पेरूची दोन चिलखती जहाजं नेमकी त्याच वेळी दक्षिणेला निघाली होती. भर समुद्रात दोन्ही आरमारांची चुकामूक झाली. २१ मेच्या सकाळी इकिकेसमोर धूर दिसला तो वास्कार आणि इंदिपेंदेन्सिया यांचा.

या दोन जहाजांमधला फरक समजला, तर पुढचं सगळं उलगडतं. इंग्लंडमध्ये बर्कनहेडच्या लेअर्ड कंपनीने १८६५ मध्ये बांधलेली वास्कार लोखंडी चिलखताची होती. तिच्यावर फिरता बुरूज, बुरुजात ३०० पौंडी गोळे फेकणाऱ्या दोन तोफा, आणि नाळेला पाण्याखालून शत्रूचं पोट फाडणारं पोलादी टोक. एस्मेराल्दाच्या तोफा ४० पौंडी. तिचे गोळे वास्कारच्या चिलखतावर आदळून निकामी होत होते. त्यात लढाईच्या सुरुवातीलाच तिचा एक बॉयलर फुटला आणि वेग माणसाच्या चालण्याइतका उरला.

प्रात पेशाने वकीलही होता, आणि त्याची चाल वकिली डोक्याचीच वाटते. त्याने जहाज किनाऱ्याला चिकटून, बरोबर गावासमोर उभं केलं. वास्कारचा गोळा चुकला, तर तो पेरूच्याच गावात पडणार. शिवाय वास्कारचा बुरूज माणसांनी हाताने फिरवायचा, तोफा भरायला वेळ लागायचा, नेम धड लागत नव्हता. तीनेक तास हे असंच चाललं. मग किनाऱ्यावरच्या पेरूच्या सैनिकांनी तोफा आणून मारा सुरू केला. एस्मेराल्दाला जागा सोडावी लागली, आणि वास्कारचा कप्तान मिगेल ग्राऊ याने तोफांचा नाद सोडून धडक द्यायचं ठरवलं.

पहिल्या धडकेला दोन्ही जहाजं भिडली, तेव्हा प्रात तलवार घेऊन वास्कारच्या डेकवर उडी मारून गेला. गोंगाटात त्याची हाक थोड्यांनाच ऐकू आली. त्याच्याबरोबर सार्जंट आल्देआ पोचला. दोघेही मारले गेले. दुसऱ्या धडकेला लेफ्टनंट सेरानो डझनभर माणसांसह उतरला, तेही गेले. तिसऱ्या धडकेनंतर, दुपारी बाराच्या सुमारास एस्मेराल्दा बुडाली. झेंडा डोलकाठीवरच होता. दोनशेच्या आसपास माणसांपैकी साठेक वाचली, आणि त्यांना पाण्यातून काढलं ते ग्राऊनेच. पुढे त्याने प्रातच्या विधवेला, कार्मेला कार्वाखाल हिला, पत्र लिहून तिच्या नवऱ्याची तलवार आणि बाकी वस्तू परत पाठवल्या. दक्षिण अमेरिकेत आजही दोन्ही देशांत ते पत्र आदराने सांगितलं जातं.

लष्करी हिशेबाने पाहिलं, तर त्या दिवशीची खरी मोठी घटना थोडी दक्षिणेला घडली. छोट्या कोवादोंगाचा पाठलाग करताना इंदिपेंदेन्सिया पुंता ग्रुएसापाशी खडकावर चढली आणि कायमची निकामी झाली. चिलीचं एक जुनं लाकडी जहाज गेलं, पेरूचं सगळ्यांत मोठं चिलखती जहाज गेलं. ऑक्टोबरमध्ये आंगामोसच्या लढाईत ग्राऊ मारला गेला, वास्कार चिलीच्या हाती पडली आणि युद्धाचं पारडं फिरलं.

पण चिलीत उत्सव झाला तो हरलेल्या लढाईचा. प्रातच्या मरणाची बातमी पोचली आणि सैन्यात भरती व्हायला तरुणांच्या रांगा लागल्या. २१ मे ही तिथे आजही सार्वजनिक सुट्टी आहे, वाल्पाराइसोच्या सोतोमायोर चौकात इकिकेच्या वीरांचं स्मारक आहे, दहा हजार पेसोंच्या नोटेवर प्रातचा चेहरा आहे. एस्मेराल्दा नावाचा अर्थही त्या दिवशी बदलला. आधी त्यात शत्रूला चकवून जिंकण्याची शेखी होती. आता हरत असतानाही झेंडा न उतरवण्याची शपथ आली.

पकडलेल्या वास्कारचं नाव चिलीने बदललं नाही, हेही लक्षात घेण्यासारखं. इंका राजाचं ते नाव तसंच ठेवलं, आणि ते जहाज आज ताल्काउआनो बंदरात तरंगतं संग्रहालय म्हणून जपलेलं आहे. प्रात आणि ग्राऊ, दोघांचाही तिथे मान राखला जातो.

ज्या जहाजाने दुसऱ्याच देशाचं सरकार पाडलं

बुडालेल्या जहाजाचं नाव चिलीने फार दिवस मोकळं ठेवलं नाही. युद्ध चालू असतानाच, १८८१ मध्ये, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ आर्मस्ट्राँग कंपनीत नव्या एस्मेराल्दाची बांधणी सुरू झाली आणि १८८३ मध्ये ती पाण्यात उतरली. या खेपेला मात्र चिलीच्या हाती जगातलं सगळ्यांत आधुनिक जहाज आलं.

तोवर मोठ्या युद्धनौकांना बाजूने जाड चिलखत घालत. ते जड असतं, वेग मारतं. रेंडेल या अभियंत्याने चिलखत बाजूने काढून जहाजाच्या आत, पाण्याच्या पातळीच्या खाली कमानीसारखं आडवं घातलं. त्या पोलादी छताखाली इंजिन, बॉयलर आणि दारूगोळा सुरक्षित. वरच्या भागाला भोकं पडली तरी जहाज चालतं आणि तरंगतं. याला ‘प्रोटेक्टेड क्रूझर’ म्हणतात. शिडं साफ काढून टाकलेली, दहा इंची दोन तोफा आणि १८ नॉटचा वेग, म्हणजे ताशी साधारण ३३ किलोमीटर. आर्मस्ट्राँगने ही कल्पना पुढे कितीतरी देशांना विकली. जपानने घेतलेल्या नानिवा आणि ताकाचिहो याच घराण्यातल्या.

१८८५ मध्ये पनामात बंडाळी माजली आणि अमेरिकेने तिथे सैनिक उतरवले. तेव्हा चिलीने हीच एस्मेराल्दा तिकडे पाठवली. पॅसिफिकच्या बाजूला तेव्हा अमेरिकेकडे तिच्या तोडीचं जहाज नव्हतं, हे आज सांगितलं तर पटत नाही. १८९१ च्या यादवीत ती राष्ट्राध्यक्ष बाल्मासेदाविरुद्ध उभ्या ठाकलेल्या संसदेच्या बाजूने लढली.

आणि मग १८९४ चा व्यवहार. तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

जपान आणि चीन यांच्यात युद्ध पेटलं होतं. जपानला जहाजं हवी होती, आणि तीही ताबडतोब. नवी बांधायला दोन-तीन वर्षं लागतात. चिलीला अर्जेंटिनाशी चाललेल्या शर्यतीसाठी अधिक मोठं जहाज हवं होतं आणि दहा वर्षांची एस्मेराल्दा विकायची तयारी होती. अडचण एकच: चिली तटस्थ होता, आणि तटस्थ देशाने लढणाऱ्या देशाला युद्धनौका देणं आंतरराष्ट्रीय रिवाजाविरुद्ध होतं. हा नियम नुसता कागदी नव्हता. अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेकडच्या राज्यांसाठी ‘अलाबामा’ नावाची नौका ब्रिटनमध्ये बांधली गेली होती (बांधणारी कंपनी लेअर्डच, वास्कारवाली), आणि तिने उत्तरेच्या व्यापारी जहाजांचं केलेलं नुकसान ब्रिटनला १८७२ मध्ये दीड कोटी डॉलरहून जास्त रक्कम मोजून भरून द्यावं लागलं होतं. तो धडा सगळ्यांच्या लक्षात होता.

तेव्हा इक्वेडोरला मध्ये घातलं. कागदोपत्री चिलीने जहाज इक्वेडोरला विकलं. इक्वेडोर कोणाशी लढत नव्हता, त्यामुळे चिलीचा हात झटकला गेला. आणि इक्वेडोरच्या नावाखाली जहाज जपानच्या हाती पडलं. प्रत्यक्षात इक्वेडोरला जहाज नको होतं, पेलवणारंही नव्हतं. त्या देशाने फक्त आपला झेंडा वापरायला दिला.

प्रकरण फुटलं तेव्हा इक्वेडोरमध्ये आग भडकली. तिथे या घोटाळ्याला ‘ला वेंता दे ला बांदेरा’, म्हणजे झेंड्याची विक्री, असंच म्हणतात. ग्वायास प्रांताचा गव्हर्नर कामान्यो यात अडकला, राष्ट्राध्यक्ष लुईस कोर्देरो यांना एप्रिल १८९५ मध्ये राजीनामा द्यावा लागला, आणि ५ जूनला ग्वायाकिलमध्ये उदारमतवाद्यांनी एलॉय आल्फारो यांना नेता घोषित करून उठाव केला. इक्वेडोरच्या इतिहासातली ही उदारमतवादी क्रांती. चर्चची सत्ता तिथूनच आकसत गेली. या जहाजाने त्या देशावर एकही तोफ डागली नव्हती.

जपानमध्ये एस्मेराल्दाची ‘इझुमी’ झाली. २७ मे १९०५ च्या पहाटे रशियाचं बाल्टिक आरमार त्सुशिमाच्या सामुद्रधुनीकडे येताना एका गस्ती जहाजाने पाहिलं. त्यानंतर त्या आरमाराला चिकटून राहून बातम्या कळवत राहण्याचं काम इझुमीने केलं. त्या दिवशी रशियाच्या आरमाराची जी वाताहत झाली, तिच्यात चिलीच्या जुन्या नौकेचाही एवढा वाटा होता.

पुन्हा इकिके

चौथी एस्मेराल्दा आर्मस्ट्राँगकडूनच आली, १८९६ मध्ये. सात हजार टनांची, बाजूने चिलखत असलेली क्रूझर. अर्जेंटिनाशी लढाई होईल म्हणून ती घेतली, पण १९०२ मध्ये दोन्ही देशांनी करार करून शस्त्रांची शर्यत थांबवली. मोठ्या शत्रूशी तिची गाठ पडलीच नाही.

गाठ पडली ती मजुरांशी. १८७९ च्या युद्धात चिलीने सोऱ्याचा सगळा प्रदेश जिंकला होता, इकिकेही आता चिलीचं होतं. पण सोऱ्याच्या खाणींवर राबणाऱ्यांना पगार पैशांत नाही, कंपनीच्या टोकनांत मिळायचा, आणि ती टोकनं कंपनीच्याच दुकानात चालायची. डिसेंबर १९०७ मध्ये हजारो कामगार बायकामुलांसह वाळवंट तुडवत इकिकेला आले आणि सांता मारिया शाळेत उतरले. त्यांत चिलीचे होते तसेच पेरूचे आणि बोलिव्हियाचेही होते, म्हणजे अठ्ठावीस वर्षांपूर्वी एकमेकांशी लढलेल्या देशांची माणसं. २१ डिसेंबरला जनरल सिल्वा रेनार्द याने शाळेसमोर मशीनगन लावून गोळीबार केला. किती मेले, याचा आकडा आजही वादाचा आहे. सरकारी नोंदीत शंभर-सव्वाशेच्या आसपास, इतरांच्या मते कित्येक पटींनी जास्त.

त्या मशीनगन उतरवल्या होत्या एस्मेराल्दा या क्रूझरवरून.

तेच बंदर, तेच नाव, महिन्याची तीच २१ तारीख. नौदलाच्या सोहळ्यात १८७९ ची एस्मेराल्दा असते, १९०७ ची नसते. नाव पुढे चालवताना त्यातलं काय बरोबर घ्यायचं आणि काय मागे ठेवायचं, हेही नौदलच ठरवत आलं. जहाज भंगारात गेलं की त्याच्याबरोबर बरंच काही सोयीने भंगारात जातं.

वापरलेली जहाजं, नवी नावं

पाचव्या एस्मेराल्दाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कॅनडाची ‘ग्लेस बे’ नावाची दुसऱ्या महायुद्धातली फ्रिगेट चिलीने १९४६ मध्ये घेतली, एस्मेराल्दा म्हणून चालवली आणि १९५२ मध्ये तिला ‘बाकेदानो’ केलं. नव्या जहाजासाठी नाव मोकळं हवं होतं, एवढंच.

पण तिच्यामुळे एक वेगळाच गुंता कळतो. चिली बहुतेक मोठी जहाजं वापरलेली विकत घेतो, त्यामुळे जहाजाला नावांचा इतिहास असतो आणि नावाला जहाजांचा. ‘आल्मिरान्ते लातोरे’ हे नाव घ्या. मूळची प्रचंड रणनौका चिलीने ब्रिटनमध्ये बांधायला दिली होती. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटनने ती स्वतःच ठेवून घेतली, ‘कॅनडा’ नावाने जटलंडच्या लढाईत उतरवली आणि १९२० मध्ये चिलीला दिली. त्यानंतर हेच नाव स्वीडनच्या एका क्रूझरला, मग फॉकलंड युद्धात लढलेल्या ब्रिटनच्या ‘ग्लॅमॉर्गन’ला, मग एका डच फ्रिगेटला आणि २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ‘मेलबर्न’ला मिळालं. लातोरे हा १८७९ च्या युद्धातला चिलीचा नौदल अधिकारी. प्रातप्रमाणे तोही १८६५ मध्ये दुसऱ्या एस्मेराल्दावरच तरुण अधिकारी होता.

‘ओ’हिगिन्स’ नावाची सुरुवातही एस्मेराल्दासारखीच. १८१८ मध्ये स्पेनकडून पकडलेल्या ‘मारिया इसाबेल’ या फ्रिगेटचं नाव बदलून स्वातंत्र्यवीराचं ठेवलं, आणि काय्याओच्या मोहिमेत ती कॉक्रनची मुख्य नौका होती. आज ओ’हिगिन्स ही पाणबुडी आहे. स्कॉर्पीन जातीची जगातली पहिली, म्हणजे माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आपल्या नव्या कलवरीची थोरली बहीण.

कर्जाच्या बदल्यात आलेली

आता सध्याची. तिचा सांगाडा चिलीसाठी घातलाच नव्हता. १९४६ मध्ये स्पेनच्या कादिस शहरातल्या एचेवारिएता गोदीत स्पॅनिश नौदलासाठी एक शिडाचं प्रशिक्षण जहाज बांधायला घेतलं. स्पेनकडे तसंच एक, ‘हुआन सेबास्तियान दे एल्कानो’, १९२७ पासून होतं; ही त्याची जोडीदार ठरणार होती. १८ ऑगस्ट १९४७ ला कादिसमध्ये नौदलाच्या सुरुंगांच्या कोठाराचा भीषण स्फोट झाला. दीडशेच्या आसपास माणसं मेली, गोदीचं अतोनात नुकसान झालं आणि काम रखडलं.

स्पेन आपल्या यादवीच्या काळापासूनचं चिलीचं कर्ज देणं लागत होता आणि रोख पैसा नव्हता. वाटाघाटींत असं ठरलं, की कर्जाचा काही भाग मालाच्या रूपाने फेडायचा, आणि त्यात हे अर्धवट जहाजही. १२ मे १९५३ ला ते पाण्यात उतरलं, जून १९५४ मध्ये चिलीच्या ताब्यात आलं आणि त्याला नाव मिळालं एस्मेराल्दा. स्पेनकडून पळवलेल्या जहाजाचं नाव स्पेननेच बांधून दिलेल्या जहाजाला! यावर तेव्हा स्पॅनिश अधिकाऱ्यांनी मनात काय म्हटलं असेल कोण जाणे.

चार डोलकाठ्या, ११३ मीटर लांबी, नाळेवर चिलीचा राष्ट्रीय पक्षी काँडोर, क्रमांक बीई-४३. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली आपली ‘तरंगिणी’ पाहिली असेल, तर अंदाज येईल. ती तीन डोलकाठ्यांची आणि ५४ मीटरची, म्हणजे एस्मेराल्दा दुपटीहून लांब. उपग्रहाच्या जमान्यातही नौदलं शिडाची जहाजं ठेवतात, कारण वारा, दोर आणि एकमेकांवरचा भरवसा इंजिनाच्या खोलीत बसून शिकता येत नाही. लोक तिला ‘ला दामा ब्लांका’, म्हणजे शुभ्रवस्त्रा, म्हणतात.

११ सप्टेंबर १९७३ ला चिलीचा लष्करप्रमुख पिनोशे याने राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचं सरकार उलथवलं. लष्करी उठावाची सुरुवात वाल्पाराइसोच्या नौदलापासूनच झाली होती. धक्क्याला लागलेल्या एस्मेराल्दावर अटक केलेल्या स्त्री-पुरुषांना आणलं गेलं आणि त्यांचा छळ झाला. वाल्पाराइसोचे महापौर सेर्खिओ वुस्कोविच त्यांत होते. मिगेल वुडवर्ड हे ब्रिटिश-चिलियन धर्मगुरूही होते. २२ सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला. लोकशाही परतल्यावर १९९१ मध्ये आलेल्या, लष्करी राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रेत्तिग आयोगाच्या अहवालात या जहाजाचा उल्लेख आहे.

म्हणून आजही एस्मेराल्दा प्रशिक्षणार्थींना घेऊन परदेशी बंदरांत शिरते, तेव्हा काही ठिकाणी धक्क्यावर निदर्शनं होतात. परागंदा झालेले चिलियन, त्यांची मुलं आणि मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटना तिथे उभ्या असतात. १९०७ ची मशीनगन उतरवणारी क्रूझर भंगारात गेली, तिच्यासमोर फलक धरून उभं राहायची सोय उरली नाही. बीई-४३ मात्र तीच आहे: तीच लाकडी जमीन, त्याच खोल्या. नौदल तिच्यावरच्या मुलांना प्रातची गोष्ट सांगतं आणि धक्क्यावरचे लोक वुडवर्डचं नाव घेतात. दोघांच्याही बोलण्यात जहाजाचं नाव एकच असतं.